हाताच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन दिवस : मज्जातंतू-ब्लॉक, कॅथेटर आणि पंप कसे सांभाळावेत

पॉवर प्रेसखाली चिरडलेली बोटे, मिक्सरच्या पात्याने तुटलेले टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने खोलवर कापलेला तळहात, गर्दीच्या लोकलमधून पडून मोडलेले मनगट, अशा जखमांवर मुंबईत सतत शस्त्रक्रिया होत असतात. टेबलावर जाण्यापूर्वी बहुतेक रुग्ण एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे नंतर किती दुखेल. खरे सांगायचे तर हाताचे दुखणे तीव्र असते, कारण बोटे आणि तळहात यांत संवेदना टिपणाऱ्या तंतूंचे जाळे फार दाट असते आणि शस्त्रक्रियेनंतर येणारी सूज सामावून घेण्यास तिथे मोकळी जागा फारशी नसते. हात खाली लोंबकळत राहिला की नाडीच्या ठोक्यागणिक ठणका जाणवतो, आणि पहिल्या एक-दोन रात्री तो सर्वांत जास्त असतो.

पूर्ण भूल न देता, किंवा तिच्या जोडीने, खांद्याजवळ मज्जातंतूंच्या शेजारी एक इंजेक्शन देऊन सबंध हात बधिर करण्याची पद्धत, म्हणजे मज्जातंतू-ब्लॉक, आता रुळलेली आहे. मात्र ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांचा परिणामही साधारणपणे ८ ते १४ तासांत ओसरतो. दुपारी बारा वाजता ज्याचा हात बधिर केला तो रुग्ण संध्याकाळी भेटायला आलेल्यांशी निवांत बोलतो, जेवतो, झोपतो, आणि मध्यरात्रीच्या सुमारास, वॉर्डात माणसे कमी आणि औषधाची चिठ्ठी लिहून देणारे डॉक्टर दुसऱ्याच तातडीच्या कामात असताना, कळवळून जागा होतो. ही रात्र टाळण्यासाठी त्याच मज्जातंतूंच्या शेजारी एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवून तिच्यातून सौम्य औषध दोन-तीन दिवस थेंबाथेंबाने सोडत राहतात. ही कल्पना आजची नाही. १९४६ मध्ये एफ. पॉल अँसब्रो यांनी गळपट्टीच्या हाडाच्या वर सुई बुचाच्या आधाराने स्थिर ठेवून, तिच्यातून पुन्हा पुन्हा औषध देऊन हात लांबवर बधिर ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली होती. आज सुईऐवजी मऊ नळी आहे आणि ती कुठे जाते हे सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते, हा मोठा फरक.

भूलतज्ज्ञ म्हणून माझे मत असे आहे की कॅथेटर बसवणे हा या उपचाराचा सोपा भाग आहे. पुढचे ४८ ते ७२ तास तो बधिर हात कोण आणि किती बारकाईने पाहते यावर त्याचे यश ठरते, आणि त्या पाहण्यात रुग्णाचा व खाटेशेजारी रात्र काढणाऱ्या नातेवाइकाचा वाटा डॉक्टरांइतकाच असतो. म्हणून हे लेखन त्या दोघांसाठी आहे.

नळी कुठे असते आणि ती काय करते

मानेतल्या मणक्यांतून निघणाऱ्या पाच मज्जातंतू-मुळांची गुंफण मानेच्या बाजूने, गळपट्टीच्या हाडाखालून, काखेतून हातात उतरते. या गुंफणीच्या वाटेवर कुठेही औषध सोडले तर हाताची संवेदना कमी होते. परंतु प्रत्येक जागेचे गुणदोष वेगळे आहेत. मानेजवळचा ब्लॉक खांद्याच्या शस्त्रक्रियेस उत्तम, पण तळहाताच्या करंगळीकडील बाजूला तो अनेकदा अपुरा पडतो. हाडाच्या वर दिलेला ब्लॉक जलद आणि पूर्ण हात बधिर करणारा असतो, पण फुप्फुसाचे टोक तिथून जवळ असते आणि श्वासाच्या पडद्याला जाणारा मज्जातंतूही त्या औषधाने काही काळ मंदावू शकतो, म्हणून दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांच्या बाबतीत त्याचा विचार जपून करावा लागतो. काखेतली जागा सुरक्षित, पण तिथे घाम, केस आणि सततची हालचाल असते. आपल्या दमट हवेत, विशेषतः मे-जूनमध्ये, काखेतली चिकटपट्टी दुसऱ्या दिवशीच उचलली जाते आणि नळी सरकते. दोन-तीन दिवस नळी ठेवायची असेल तर मी गळपट्टीच्या हाडाखालची जागा पसंत करतो. तिथे छातीचे स्नायू नळीला धरून ठेवतात आणि सपाट, कोरड्या त्वचेवर पट्टी टिकते.

नळीतून जाणारे औषध शस्त्रक्रियेच्या वेळच्या औषधापेक्षा बरेच सौम्य असते. सामान्यतः रोपिव्हाकेन ०.२ टक्के किंवा ब्युपिव्हाकेन ०.१२५ टक्के आणि त्याच्या आसपासच्या तीव्रतेचे औषध, ताशी ५ ते ८ मिलिलिटर या वेगाने दिले जाते, आणि गरज भासल्यास बटण दाबून थोडी जास्तीची मात्रा घेण्याची सोय असते. नेमका आकडा रुग्णाचे वजन, वय, यकृत आणि हृदयाची स्थिती पाहून भूलतज्ज्ञ ठरवतात. तो रुग्णाने किंवा नातेवाइकाने कधीही बदलू नये. औषध सौम्य ठेवण्यामागे हेतू असा असतो की ठणका जावा, पण बोटांची थोडीफार हालचाल आणि खोलवरच्या दाबाची जाणीव उरावी. पूर्ण लुळा हात दोन दिवस तसाच ठेवणे सोयीचेही नसते आणि सुरक्षितही नसते.

या उपचाराचा आणखी एक परिणाम उपयोगी पडतो. रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा आदेश देणारे तंतूही ब्लॉकमुळे शांत होतात, त्यामुळे हात उबदार आणि गुलाबी दिसू लागतो. तुटलेले बोट सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडले असेल तर रक्तवाहिन्या आखडू न देणे हाच पहिल्या दिवसांतला मुख्य प्रयत्न असतो, आणि वेदना, थंडी व तंबाखू या तिन्ही गोष्टी त्यांना आखडतात. म्हणून अशा रुग्णाची खाट एसीच्या थेट झोतात नसावी. सिगारेट-विडी बंद हे सर्वांना माहीत असते. परंतु गुटखा, मळलेला तंबाखू आणि दातांना लावायची मिसरी यांतूनही निकोटिन रक्तात जाते, हे घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांना कोणी विचारत नाही आणि त्या आपणहून सांगत नाहीत. कृपया विचारा.

शस्त्रक्रियेपूर्वी काय सांगावे, काय विचारावे

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मग ती इकोस्प्रिनसारखी साधी वाटणारी का असेना, तिचे पाकीट घेऊन यावे आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगावे. नळी घालण्याचा निर्णय तर त्यावर अवलंबून असतोच, पण बोट जोडल्यानंतर रक्त गोठू न देणारे हेपॅरिन सुरू केले असेल तर नळी काढण्याची वेळही त्या औषधाच्या मात्रांशी जुळवावी लागते. पूर्वी दात काढताना किंवा टाके घालताना बधिर करण्याच्या इंजेक्शनाने काही त्रास झाला असेल तर तोही सांगावा.

हातात आधीपासून मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, मग तो मधुमेहाने असो, मनगटातला मज्जातंतू दबल्याने असो किंवा याच अपघातात तंतू कापल्याने असो, तर तो ब्लॉक देण्यापूर्वी तपासून कागदावर नोंदवला गेला पाहिजे. अपघाताच्या घाईत ही नोंद राहून जाते आणि नंतर एखादे बोट बधिर राहिले तर ते जखमेने राहिले की सुईने, हा वाद उरतो. रुग्णाने स्वतः म्हणावे, ‘डॉक्टर, माझ्या करंगळीला आत्ताच स्पर्श कळत नाही, लिहून घ्या.’ त्यात कोणाला राग येण्याचे कारण नाही.

घन आहार सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करावे लागते. दुधाचा चहा पाण्यात मोजला जात नाही, तो अन्नातच धरावा. अंगठ्या, बांगड्या, मनगटाचा दोरा काढून ठेवावा आणि नखांचा रंग पुसावा, कारण सूज आल्यावर अंगठी कापावी लागते आणि रंगलेल्या नखावरून बोटाचा रक्तप्रवाह कळत नाही. लग्नसराईत हातांवर गडद मेंदी असते. ती पुसता येत नाही, तेव्हा दुसऱ्या हाताशी तुलना करून रंग पाहावा लागतो.

विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. रात्री दोन वाजता दुखले किंवा पंप थांबला तर कोणाला फोन करायचा? वॉर्डातल्या परिचारिकांनी असे पंप पूर्वी हाताळले आहेत का? नळी सोनोग्राफीच्या मदतीने बसवणार का? या शेवटच्या प्रश्नाला काही लहान नर्सिंग होममध्ये नकारार्थी उत्तर मिळेल. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि हिशेब ठेवावा लागतो, त्यामुळे केवळ भुलीच्या कामासाठी यंत्र बाळगणे सगळ्यांना परवडत नाही. तिथे सौम्य विद्युत्प्रवाहाने बोटे हलवून मज्जातंतू शोधतात. ही जुनी रीतही अनुभवी हातात चांगली चालते. पहिल्या प्रश्नाला मात्र नाव आणि फोन क्रमांक एवढेच उत्तर मान्य करावे. ते मिळत नसेल तर नळीचा आग्रह धरू नये; एकच इंजेक्शन आणि वेळेवर गोळ्या हा मार्ग अधिक सुरक्षित ठरेल.

नळी बसवताना

रुग्ण जागा असतो, झोपेचे थोडे औषध दिलेले असते. त्वचा निर्जंतुक करून, वरची जागा बधिर करून सुई आत नेतात, आधी औषध सोडून मज्जातंतूंभोवती जागा मोकळी करतात आणि सुईच्या टोकापलीकडे नळी साधारण ३ ते ५ सेंटिमीटर पुढे सरकवतात. सुई जात असताना बोटांकडे विजेसारखी तीव्र कळ गेली तर लगेच तोंडाने सांगावे, हात झटकू नये. वीस-तीस मिनिटांत हात जड होतो आणि अनेक रुग्ण म्हणतात, ‘हा हात माझा नाहीच असं वाटतंय.’ त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पंप आणि पट्टी

रुग्णालयात बहुधा बॅटरीवर किंवा विजेवर चालणारा पंप असतो. तो अडथळा आला की आवाज करतो. दुसरा प्रकार म्हणजे फुग्याचा पंप. कडक किंवा मऊ कवचात एक ताणलेला फुगा असतो, तो आकुंचन पावताना औषध ढकलतो, त्याला वीज लागत नाही आणि तो कमरेच्या पिशवीत घेऊन चालता येते. ३०० मिलिलिटर औषध ताशी ५ मिलिलिटरने गेले तर असा फुगा ६० तास पुरतो. पहिले काही तास तो आहे तेवढाच दिसतो, त्यामुळे बंद पडला अशी शंका येते. सहा-सहा तासांनी पाहिले, आणि शक्य असल्यास मोबाइलवर फोटो काढून तुलना केली, तर आक्रसत चाललेला कळतो. काही पंपांच्या नळीत वेग ठरवणारा एक छोटा भाग असतो आणि तो त्वचेच्या उष्णतेवर बेतलेला असतो, म्हणून तो अंगाला चिकटवून दिलेला असल्यास तसाच ठेवावा. फुगा पिळू नये, गरम पाण्याच्या पिशवीशेजारी ठेवू नये आणि झोपताना डोक्याच्या वर टांगू नये.

पट्टी पारदर्शक असते, ती मुद्दामच. दिवसातून दोन-तीन वेळा चांगल्या उजेडात तिच्याकडे पाहावे. नळीवर काळ्या खुणा असतात. त्वचेत शिरते तिथे कोणती खूण आहे हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून घ्यावे. खूण बाहेर सरकली असेल तर नळी निघत आहे. पट्टीखाली पाण्यासारखा ओलावा किंवा किंचित गुलाबी थेंब दिसणे नेहमीचे आहे, तेवढ्यावरून नळी काढण्याचे कारण नाही. पण पट्टी सुटू लागली तर वरून दुसरी लावून घ्यावी. नळीभोवती पसरत जाणारी लाली, दाबल्यावर दुखणे, पू किंवा थंडी वाजून ताप हे मात्र संसर्गाचे लक्षण आहे. नळी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिली किंवा रुग्णाला मधुमेह असला की ही शक्यता वाढते. आंघोळ नळी असेपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसण्यापुरतीच ठेवावी.

औषधाच्या नळीच्या दोन्ही टोकांना ‘मज्जातंतू-ब्लॉक, शिरेत देऊ नये’ अशी ठळक चिठ्ठी हवी. एकाच रुग्णाच्या अंगावर सलाइनची, प्रतिजैविकाची आणि ब्लॉकची अशा तीन नळ्या असतात, रात्री दिवा मंद असतो, आणि ब्युपिव्हाकेन चुकून शिरेत गेले तर हृदय थांबू शकते. चिठ्ठी नसेल तर नातेवाइकाने परिचारिकेला नम्रपणे ती लावायला सांगावे.

बधिर हाताची राखण

दुखणे हे शरीराचे पहारेकरी असते, आणि आपण त्याला दोन दिवस रजेवर पाठवलेले असते. त्या हाताला चटका बसला, तो लोखंडी खाटेच्या कडेवर तासभर दाबून राहिला, प्लास्टरची कडा कातडीत रुतली, तरी रुग्णाला काही कळणार नाही. त्यामुळे त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी पाहायचे असते.

हात उंच ठेवावा: कोपर छातीच्या पातळीच्या वर आणि पंजा कोपराच्या वर. दोन-तीन उशांचा उतार पुरतो. कोपराच्या आतल्या बाजूस, जिथे ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथला मज्जातंतू हाडाला अगदी चिकटून असतो. त्या जागेखाली मऊ घडी ठेवावी आणि दर दोन तासांनी हाताची ठेवण बदलावी. उठून चालताना हात झोळीत घालावा, कारण बधिर हाताचे वजन खांद्याला ओढते आणि तो दाराच्या चौकटीवर आपटतो. झोळीचा पट्टा मानेवर येतो, नळीवर येत नाही ना, हे पाहावे.

चहाचा पेला त्या हातात देऊ नये. गॅस, इस्त्री, कुकर, गरम पाण्याची बादली यांच्या जवळ त्या हाताने जाऊ नये, आणि शेकण्यासाठी गरम पिशवी किंवा बर्फ लावू नये. घरी गेलेल्या रुग्णाची झोपण्याची जागा हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे-पाचजण जमिनीवर शेजारी शेजारी झोपतात. रात्री पाणी प्यायला उठलेल्याचा पाय त्या हातावर पडला तरी झोपलेल्याला जाग येणार नाही. शस्त्रक्रिया झालेला हात भिंतीकडे येईल अशी जागा रुग्णाला द्यावी, आणि पंपाची पिशवी अंथरुणावरच, नळी ओढली जाणार नाही इतकी जवळ ठेवावी.

टेंडन मोकळे करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवसापासून बोटे हलवावी लागतात, आणि तिथे ब्लॉकचा फायदा फार मोठा असतो; दुखत नसल्यामुळे रुग्ण व्यायाम टाळत नाही. जोडलेल्या टेंडनची गोष्ट वेगळी आहे. दुखत नाही म्हणून जोर लावून मूठ वळली तर टाका तुटतो आणि तुटल्याचे कळतही नाही. हाताच्या फिजिओथेरपिस्टने दाखवली तेवढीच हालचाल, दाखवली त्याच स्प्लिंटमध्ये, सांगितली तितक्या वेळा करावी.

ब्लॉक चालू असूनही दुखू लागले तर

इथे घाई करू नये, आणि उशीरही करू नये. बटण दाबण्यापूर्वी हात पाहावा, हा नियम मी प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक नव्या परिचारिकेला सांगतो.

दुखण्याची साधी कारणे आधी तपासावीत. पंपाची चिमटी चुकून बंद झाली आहे का, नळीला पीळ पडला आहे का, जोड सुटून औषध चादरीवर गळते आहे का, नळीची खूण बाहेर सरकली आहे का. जोड सुटलेला आढळला तर तो स्वतः पुसून परत लावू नये. दोन्ही टोके झाकून डॉक्टरांना बोलवावे. यांपैकी काही सापडले तर दुखण्याचा अर्थ लागतो. ही कारणे नसतील आणि कालपर्यंत शांत असलेला हात आज दुखतो आहे, बटण दाबूनही अर्ध्या तासात पुन्हा दुखतो आहे, मात्रेमागून मात्रा घ्यावी लागते आहे, तर आत दाब वाढत असण्याची शंका घ्यावी. चिरडलेल्या हातात, हाड मोडलेल्या पुढच्या हातात (कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात) किंवा घट्ट प्लास्टरखाली स्नायूंच्या बंद कप्प्यात सूज साचते, कप्प्याचा पडदा ताणला जात नाही, आणि आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू लागतो. काही तासांत स्नायू कायमचे मरतात. या आजाराचे सर्वांत लवकरचे लक्षण म्हणजे जखमेच्या मानाने अवाजवी वाटणारी वेदना, आणि ब्लॉक नेमकी तीच झाकू शकतो अशी सर्जनांना रास्त भीती असते. म्हणूनच औषध सौम्य ठेवायचे आणि ब्लॉक भेदून आलेल्या वेदनेला महत्त्व द्यायचे.

पाहायचे असे. प्लास्टर किंवा पट्टीबाहेर डोकावणारी बोटे हळूच सरळ करून पाहावीत. त्याने पुढच्या हातात तीव्र कळ आली तर ते गंभीर आहे. स्नायू लाकडासारखे कडक आणि त्वचा ताणून चकचकीत झाली आहे का ते बोटाने दाबून बघावे. नख दाबून सोडल्यावर रंग साधारण दोन सेकंदांत परत यायला हवा. पांढरे, गार पडलेले बोट म्हणजे रक्त पोहोचत नाही; निळे-जांभळे, फुगलेले बोट म्हणजे रक्त परत जात नाही. नाडी लागते म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण आतला दाब बराच वाढेपर्यंत मनगटाची नाडी लागत राहते.

यांपैकी काही आढळले तर जास्तीचे औषध न घेता शल्यचिकित्सकांना तत्काळ बोलवावे. फोनवर शब्द स्पष्ट वापरावेत: ‘ब्लॉक चालू आहे, तरी दुखणे वाढत आहे, बोट सरळ केले की कळ येते, हात कडक लागतो.’ एवढ्या एका वाक्यावर कोणताही जाणकार सर्जन झोपेतून उठून येईल. प्लास्टर आणि आतली कापसाची पट्टी त्वचेपर्यंत उभी कापली जाते, हात हृदयाच्या पातळीवर आणला जातो, आणि गरज पडली तर कप्पे उघडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. शंका खोटी निघाली तर एक प्लास्टर वाया जाईल. ती किंमत काहीच नाही.

वॉर्डात दर चार तासांनी एक नोंद व्हावी, तिच्यात शून्य ते दहा या मापावर आराम करतानाचे आणि हालचालीचे दुखणे, बोटांचा रंग व ऊब, बोटे हलतात का, नळीची जागा आणि आतापर्यंत गेलेले औषध एवढे असावे. एकाच वेळचा आकडा फारसे सांगत नाही. एकाखाली एक लिहिलेल्या तीन-चार आकड्यांमध्ये दुखणे चढते आहे की उतरते आहे हे लगेच दिसते.

औषध अंगात जास्त झाल्याची चिन्हे

ओठांभोवती मुंग्या, जिभेला जडपणा, तोंडात धातूसारखी चव, कानात घुमणे, गरगरणे, असंबद्ध बोलणे, अंगाला झटके: यांपैकी काहीही दिसले तर पहिली कृती पंपाची चिमटी बंद करणे ही आहे, दुसरी हाक मारणे. घरी असाल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला एकटे सोडू नये. यावरचा उपाय म्हणजे शिरेतून दिले जाणारे २० टक्के तीव्रतेचे लिपिड इमल्शन, ज्याची पहिली मात्रा किलोमागे १.५ मिलिलिटर असते. ब्लॉक चालू असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ते कोणत्या कपाटात आहे हे रात्रपाळीच्या परिचारिकेला माहीत असले पाहिजे. अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे हेही तातडीने सांगावे. मानेजवळच्या ब्लॉकनंतर एका डोळ्याची पापणी थोडी खाली येणे, बुबुळाची बाहुली लहान दिसणे किंवा आवाज बसणे ही लक्षणे मात्र औषध ओसरल्यावर जातात. आरशात पाहून पक्षाघात झाला असे समजून रुग्ण घाबरतात, म्हणून आधी सांगून ठेवावे.

पंपासह घरी जायचे की नाही

रुग्णाची जाण चांगली असेल, घरात चोवीस तास एक सुजाण प्रौढ व्यक्ती असेल, फोन लागत असेल आणि रुग्णालय तासाभरात गाठता येत असेल, तर दुसऱ्या दिवशी फुग्याच्या पंपासह घरी जाता येते. शेवटची अट मुंबईत सर्वांत कठीण आहे. परळच्या रुग्णालयातून शिवडीला जाणारा आणि कसारा किंवा विरारला जाणारा रुग्ण यांना एकच सल्ला देता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हिंदमाताला पाणी भरले आणि लोकल थांबल्या की तासाचे अंतर अर्ध्या दिवसाचे होते. जोराच्या पावसाचा इशारा असताना मी पंपासह कोणाला घरी सोडत नाही. चिरडलेल्या हाताच्या किंवा जोडलेल्या बोटाच्या रुग्णाने तर घरी जाण्याचा विचारच करू नये. घरी जाताना टॅक्सी किंवा रिक्षा करावी, गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढू नये, आणि नळी असेपर्यंत कोणतेही वाहन चालवू नये.

ब्लॉक थांबवताना

पंप संध्याकाळी बंद करू नये. सकाळी बंद केला तर परतणारे दुखणे दिवसाउजेडी, सगळे डॉक्टर हजर असताना परतते. बंद करण्याच्या आधीच गोळ्या सुरू झालेल्या असाव्यात. ज्यांना चालते अशा प्रौढांना पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, घड्याळाप्रमाणे, दुखण्याची वाट न पाहता दिले जाते आणि चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जात नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ही मर्यादा आणखी खाली आणावी लागते. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते हिशेबात धरावे. सूज कमी करणारी वेदनाशामके मूत्रपिंड, जठर आणि हृदय यांचा इतिहास पाहूनच घ्यावीत, केमिस्टच्या सल्ल्याने घेऊ नयेत. ब्लॉक उतरताना काही तास दुखणे अपेक्षेपेक्षा जोराने येते, आणि त्या काही तासांसाठी जास्तीचे एखादे औषध डॉक्टर लिहून देतात. ते आदल्या दिवशीच आणून ठेवावे.

पंप बंद केल्यावर नळी लगेच न काढता पाच-सहा तास तशीच ठेवण्याची माझी पद्धत आहे. दुखणे गोळ्यांनी आवरले तर नळी काढायची, नाही आवरले तर पंप पुन्हा सुरू करून दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न करायचा. नळी रुग्णालयातच काढून घ्यावी. ती सावकाश, जवळजवळ न दुखता निघते. अडकली किंवा ओढताना बोटांकडे कळ गेली तर थांबावे, जोर लावू नये, कापू तर कधीच नये. निघाल्यावर तिचे टोक अखंड आहे हे पाहून तशी नोंद करावी. जागेवर काही मिनिटे दाब देऊन कोरडी पट्टी लावली की पुरे.

नळी काढल्यानंतर साधारण दिवसभरात स्पर्श आणि ताकद परत यायला हवी. २४ तासांनंतरही ब्लॉकपूर्वी नसलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा उरला असेल तर भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांनाही कळवावे. पुसट मुंग्या काही आठवडे राहून बहुतेकांच्या बाबतीत आपोआप जातात, तरीही त्या कोणत्या बोटात आहेत, वाढत आहेत की कमी होत आहेत, हे दर आठवड्याला लिहून तो कागद तपासणीच्या वेळी सोबत न्यावा. बोट उचलण्याची किंवा मूठ वळण्याची ताकद कमी होत चालली असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे.